मार्शल फॉश

फर्डिनांड फॉश यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५१ रोजी फ्रान्समधील तार्ब येथे झाला. शिक्षण येशूसंघीय फादरांकडे. धाकटे बंधूही येशूसंघीय धर्मगुरू. त्या काळच्या सरकारला ख्रिस्तसभेचे वावडे. तरी १९०८ साली धर्मसंस्थेचे विरोधक असलेले पंतप्रधान क्लेमांसो यांनीच त्यांना युद्धशास्त्राच्या महाविद्यालयाचे प्रमुख नेमले.

पहिल्या महायुद्धात, २२ ऑगस्ट १९१४ रोजी, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि जावई दोघेही लढताना मारले गेले. फॉश यांना हे कळले सप्टेंबरात, मार्न नदीची लढाई जिंकल्यावर! तोवर तीन आठवडे हा बाप काहीच न कळता इतरांच्या मुलांना घेऊन लढत होता. बातमी आल्यावरही त्यांनी आपली जागा सोडली नाही.

१९१६ च्या अखेरीस त्यांना बाजूला सारण्यात आले. पण मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी जोरदार मुसंडी मारली, तेव्हा दोस्त राष्ट्रांना त्यांचीच आठवण झाली. सर्व सैन्यांची सूत्रे त्यांच्या हाती आली. ११ नोव्हेंबरच्या पहाटे कोंपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात, त्यांनी युद्धबंदीवर सही केली. त्याच दिवशी सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या.

२० मार्च १९२९ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.