धाग्यांचा गुंता सोडविणारा गणिती : डायक्स्ट्रा

आमच्या भिवंडी परिसरात एक कामगार एकाच वेळी चार माग सांभाळतो. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि कामगार तिकडे धावतो. संगणकालाही हे जमावे, म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत एड्सगर डायक्स्ट्रा यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. लायडन येथे पदार्थविज्ञान शिकत असतानाच १९५२ साली ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर झाले. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी हाच व्यवसाय लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून नोंद नाकारली गेली! (माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना भरताना घरी बराच खल झाला होता, तो आठवला.)

पुढे केंद्रातील सहकाऱ्यांनी नव्या यंत्रात एक सोय योजली. जोडलेले उपकरण मोकळे झाले की त्याने चालू काम मध्येच थांबवून संगणकाला हाक मारावी. डायक्स्ट्रा धास्तावले. हाक केव्हा येईल याचा नेम नाही. मग आज झालेली चूक उद्या पुन्हा घडून सापडेलच कशी? काही काळ त्यांनी चालढकल केली. अखेर ते काम अंगावर घेतले आणि १९५९ साली त्यावरच डॉक्टरेट मिळविली.

१९६२ साली ते आइंडहोवन येथे प्राध्यापक झाले. तेथे मोजक्या सहकाऱ्यांसह रचलेल्या प्रणालीत त्यांनी प्रत्येक कामाला स्वतंत्र प्रक्रिया दिली. पण दोघांनी एकाच वहीतील शिल्लक एकदम वाचून आपापली बेरीज लिहिली, तर एकाची बेरीज पुसली जाते. यावर त्यांनी रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेतलेला ‘सेमाफोर’ योजला : एकाने आत जावे, बाकीच्यांनी थांबावे. थांबण्यातही धोका असतोच. पाच तत्त्वज्ञ, मध्ये पाच काटे, जेवायला दोन काटे हवेत. प्रत्येकाने डावीकडचा उचलून धरला तर सारेच उपाशी! १९६५ साली त्यांनी परीक्षेत घातलेल्या प्रश्नाला हे रूप त्यांचे मित्र होअर यांनी दिले.

याच होअर यांनी १९७८ साली सामाईक वहीच नको, प्रक्रियांनी एकमेकींना निरोप पाठवावेत, असा मार्ग मांडला. आजच्या प्रोग्रामरपुढे अनेक ‘थ्रेड’, निरोप, किंवा हाक येईल तिकडे धावणारा एकच थ्रेड, असे पर्याय आहेत. माझ्या मते वाट पाहणेच जास्त असेल तेथे चार मागांचा एक कामगार पुरतो. आकडेमोड प्रचंड असेल तर हात वाढवावेच लागतात.

१९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते टेक्सास विद्यापीठात शिकवीत. तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी लिहिली, बरीचशी फाउंटन पेनने, आणि प्रती काढून ती मित्रांना टपालाने पाठविली. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधील न्यूनेन गावी त्यांचे निधन झाले.