राष्ट्राध्यक्ष ग्रँट आणि कॅथॉलिक शाळा

अमेरिकेच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर दाढीवाल्या, काहीशा थकलेल्या चेहऱ्याच्या एका माणसाचे चित्र असते. आपल्या धर्मग्रामातील जी मंडळी जहाजावर किंवा परदेशी नोकरीला आहेत त्यांनी ती नोट पाहिली असेल. ते आहेत युलिसिस ग्रँट, अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष. गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धातील विजयी सेनापती म्हणून जग त्यांना ओळखते. कॅथॉलिक शाळांवरून त्यांनी उठवलेले वादळ मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. शाळा आणि अनुदान हे विषय आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे असल्याने या रविवारी आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यात झाला. घराणे मेथडिस्ट पंथाचे. वडिलांचा चामडे कमावण्याचा धंदा होता, पण रक्ताचा तो वास मुलाला सोसवत नसे. त्याला वेड होते घोड्यांचे. वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात धाडले. पुढे मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात (१८४६ ते १८४८) ते लढले, पण बलाढ्य देशाने दुबळ्या शेजाऱ्यावर लादलेले ते अन्यायी युद्ध होते हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम राहिले.

१८५४ साली त्यांनी लष्कर सोडले. दारूच्या व्यसनामुळे सोडावे लागले अशी कुजबुज होती व ती जन्मभर त्यांच्या मागे लागली. मग सुरू झाली ओढाताण. शेती बुडाली. सेंट लुईस शहरात ते सरपणाची लाकडे विकत फिरले. सासरची मंडळी गुलाम बाळगणारी होती आणि ग्रँट यांच्याकडेही विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. त्याला विकले असते तर घरची तंगी मिटली असती. ग्रँट यांनी १८५९ साली कागदपत्रे करून त्याला मोकळे केले. दुसऱ्याच वर्षी हा माजी कॅप्टन वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करू लागला.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि हा कारकून चार वर्षांत सरसेनापती झाला. लढायांचे वर्णन येथे करीत नाही. शेवट मात्र सांगायला हवा. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. तो दिवस झावळ्यांच्या रविवारचा होता. ग्रँट यांनी कुणाला कैदेत टाकले नाही. उपाशी शत्रुसैनिकांना शिधा दिला आणि ज्यांचे स्वतःचे घोडे होते त्यांना ते नांगरणीसाठी घरी नेऊ दिले. त्याच आठवड्यात गुड फ्रायडेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या रात्री नाटकाला येण्याचे निमंत्रण ग्रँट पतीपत्नीलाही होते. त्यांनी ते नाकारले होते.

याच युद्धात ग्रँट यांच्या हातून एक मोठा अन्याय घडला होता. कापसाच्या चोरट्या व्यापाराने ते हैराण झाले होते. १७ डिसेंबर १८६२ रोजी त्यांनी हुकूम काढला, की आपल्या ताब्यातील साऱ्या मुलुखातून यहुदी लोकांनी चोवीस तासांत निघून जावे. चोरटा व्यापार करणारे सर्व धर्मांचे होते, हुकूम मात्र एकाच धर्माच्या लोकांवर निघाला. केंटकीतील पडुका गावच्या यहुदी कुटुंबांना बायकामुलांसह घरे सोडावी लागली. त्यांच्यातील एक व्यापारी थेट वॉशिंग्टनला जाऊन लिंकन यांना भेटला आणि लिंकन यांनी तो हुकूम तात्काळ रद्द करवला. ग्रँट यांना याची पुढे लाज वाटली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी यहुदी व्यक्तींना सरकारी पदे दिली आणि १८७६ साली वॉशिंग्टनमधील एका सिनेगॉगच्या उद्‌घाटनाला ते जातीने हजर राहिले.

१८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे ते राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क मिळाला. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन ही गुप्त टोळी त्यांना फटके मारीत होती, त्यांचे खून पाडीत होती. ग्रँट यांनी १८७१ साली खास कायदा करून घेतला, साउथ कॅरोलायनात सैन्य पाठवले, शेकडो लोकांना अटक करवली आणि टोळीचे कंबरडे मोडले. त्या काळी असे धैर्य दाखवणारे थोडेच होते. याच सुमारास, १८७३ साली, आपल्या महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले.

कारभारात मात्र ग्रँट यांना माणसे ओळखता आली नाहीत. दारूवरील कर बुडवणाऱ्या टोळीच्या प्रकरणात त्यांच्या खासगी चिटणीसावर खटला झाला, युद्धमंत्र्याला लाचेपायी राजीनामा द्यावा लागला. स्वतः ग्रँट यांनी पैसा खाल्ला असे सिद्ध झाले नाही. आदिवासी वसाहतींचा कारभार त्यांनी निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांत वाटून दिला. हेतू भ्रष्टाचार थांबवण्याचा होता. पण जेथे आपल्या धर्मगुरूंनी वर्षानुवर्षे काम केले होते अशा अनेक वसाहती प्रॉटेस्टंट मंडळांकडे गेल्या. आदिवासींना कोणता पंथ हवा हे कुणी विचारलेच नाही.

आता शाळांकडे वळू या. तेव्हाच्या अमेरिकेतील सरकारी शाळा नावाला सर्वांच्या होत्या. बहुतेक ठिकाणी तेथे प्रॉटेस्टंट बायबल वाचले जाई, प्रॉटेस्टंट प्रार्थना होत. आयर्लंड आणि जर्मनीतून आलेल्या गरीब कॅथॉलिकांना हे खटकत असे. १८४४ साली फिलाडेल्फियात या वादातून दंगल होऊन आपली चर्चेस जाळली गेली. शेवटी कॅथॉलिकांनी पैपैसा जमवून स्वतःच्या शाळा काढल्या. आम्हीही कर भरतो, तेव्हा आमच्या शाळांनाही त्यातला वाटा मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. आपल्याकडे अनुदानित शाळेतील शिक्षकांचे पगार सरकार देते, तसेच काहीसे.

सप्टेंबर १८७५ मध्ये डे मॉइन या शहरात जुन्या सैनिकांच्या मेळाव्यात ग्रँट बोलायला उभे राहिले. भाषणे करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी सांगितले, की पंथाच्या शाळांना सरकारी पैशातला एक डॉलरही मिळता कामा नये. देशात पुन्हा झगडा झालाच तर तो उत्तर-दक्षिण असा होणार नाही, तो एका बाजूला देशभक्ती व सुबुद्धी आणि दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा व अज्ञान यांच्यात होईल, असा इशाराही दिला. त्यांनी कॅथॉलिक हा शब्द उच्चारला नाही. पण रोख कुणावर आहे हे ऐकणाऱ्याला कळत होते. डिसेंबरमध्ये त्यांनी तशी घटनादुरुस्ती मागितली, शिवाय चर्चच्या मालमत्तेवर कर बसवण्याचीही शिफारस केली.

सरकारने कोणत्याच पंथाची बाजू घेऊ नये, हे म्हणणे आम्हालाही पटते. पण प्रॉटेस्टंट वळणाच्या शाळेला सर्वांची शाळा म्हणायचे आणि कॅथॉलिक शाळेला तेवढे पंथाची ठरवायचे, हा न्याय नव्हे. त्यात निवडणूक जवळ आली होती. १८७३ च्या मंदीने लोक ग्रँट यांच्या पक्षावर नाराज होते आणि मतांसाठी कॅथॉलिकांची भीती उपयोगी पडणार होती. त्यांच्या पक्षाचे नेते जेम्स ब्लेन यांनी दुरुस्तीचा मसुदा मांडला. गंमत अशी, की ब्लेन यांची आई कॅथॉलिक होती! १८७६ साली प्रतिनिधीगृहात हा मसुदा मोठ्या बहुमताने संमत झाला, पण सिनेटमध्ये पडला. तरीही पुढे अनेक राज्यांनी आपापल्या घटनांत तशी कलमे घातली. १८८४ साली बाल्टिमोर येथील धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात शाळा काढावी असा आदेश दिला. मोलमजुरी करणाऱ्या आयांनी आठवड्याच्या दानातून त्या शाळा उभ्या केल्या. मोन्टाना राज्यातील तशाच कलमाच्या आधारे धार्मिक शाळांतील मुलांना मदत नाकारता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२० साली.

पदावरून उतरल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाले. १८७८ साली रोममध्ये ते नुकतेच निवडून आलेले पोप तेरावे लिओ यांना भेटले. फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईत उतरले आणि मलबार पॉइंटवरील गव्हर्नरच्या बंगल्यात राहिले. १८८४ साली एका लबाड भागीदाराने त्यांना पुरते बुडवले. पाठोपाठ घशाचा कर्करोग झाला. बायकोमुलांची सोय व्हावी म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. अन्न गिळताना मरणप्राय वेदना होत, आवाज गेला, तरी ते लिहीत राहिले. एप्रिल १८८५ मध्ये ते जाणार असे वाटल्यावर एका मेथडिस्ट पाळकाने त्यांना स्नानसंस्कार दिला. त्यातून ते सावरले, पुस्तक पुरे केले आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, वारले.

अंत्ययात्रेत दक्षिणेचे दोन सेनापती आणि उत्तरेचे दोन सेनापती मानकरी म्हणून होते. उत्तरेच्या दोघांपैकी शेरिडन हे आयरिश कॅथॉलिक आईबापांचे पुत्र. पुस्तकाच्या पैशातून पत्नीला पहिलाच मोठा धनादेश दोन लाख डॉलरचा मिळाला. ते पुस्तक यादवी युद्ध संपते तेथेच संपते. यहुद्यांवरच्या हुकुमाचा त्यात उल्लेख नाही आणि डे मॉइनच्या भाषणाबद्दलही एक शब्द नाही.