सर इब्राहिम रहिमतुल्ला : खुर्चीची अदब



मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी आपल्या दापोडीवरून जाते. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलचे पावसाळी अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे आणि मुंबईचे सभासद याच वाटेने येत. 1923 साली सर नारायण चंदावरकर यांच्या निधनानंतर त्या कौन्सिलच्या अध्यक्षपदी सर इब्राहिम रहिमतुल्ला आले.

त्यांचा जन्म 1862 साली मुंबईत, खोजा व्यापारी घराण्यात झाला. तरुणपणीच ते भावाबरोबर व्यापारात शिरले. सार्वजनिक कामाचे धडे त्यांनी मुंबई महापालिकेत गिरवले. 1899 साली, प्लेगच्या दिवसांत, ते पालिकेचे अध्यक्ष झाले आणि पुढे कौन्सिलात गेले.

आपल्या भागातल्या कारखान्यांवर ज्यांचे घर चालते त्यांनी हे जरूर वाचावे. 1916 साली त्यांनी केंद्रीय कायदे कौन्सिलात देशी उद्योगांच्या वाढीचा विचार व्हावा असा ठराव मांडला. त्याच वर्षी सरकारने औद्योगिक आयोग नेमला. 1921 साली जकातविषयक आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बहुमताने देशी धंद्यांना अटी घालून संरक्षण द्यावे असे ठरवले. अध्यक्ष स्वतः मात्र घनश्यामदास बिर्ला, नरोत्तम मोरारजी आदींबरोबर भिन्नमतपत्रिकेवर सही करून मोकळे झाले! त्यांना अटींवाचून संरक्षण हवे होते. सरकारने दिलेली ‘सर’ ही पदवी त्यांच्या सहीच्या आड आली नाही.

सभागृहाची खुर्ची मात्र वेगळी. तेथे अध्यक्षाने वादात पडायचे नसते. मते समसमान झाली तरच त्याने मत द्यायचे. एवढी ठाम मते असलेल्या माणसाने गप्प बसून सर्वांना बोलू देणे सोपे नव्हते, हे वर्गप्रमुख झालेल्या कोणत्याही मुलाला पटेल.

जानेवारी 1931 मध्ये दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीने त्यांना अध्यक्ष निवडले. त्या सभागृहात मुसलमान सभासद अल्पसंख्य होते. काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार टाकलेला असल्यामुळे देशाचा मोठा आवाज तेथे नव्हता, हेही सांगितले पाहिजे. असेंब्लीची मुदत 1934 पर्यंत लांबली. पण प्रकृती साथ देईना, म्हणून मार्च 1933 मध्येच त्यांनी खुर्ची सोडली. त्यांच्या जागी षण्मुखम चेट्टी आले. 1942 साली सर इब्राहिम यांचे निधन झाले.