न पाहिलेल्या पिकाची पेरणी : डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन



बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील काही घरांत आनंदाबरोबर चिंताही प्रवेश करते. मुलगी हुशार आहे, डॉक्टर होऊन सेवा करण्याची तिची इच्छा आहे. परंतु वैद्यकीय शिक्षणाचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. अशा वेळी कोणा दात्याचा किंवा शिकून मोठ्या झालेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याचा आधार मिळाला तर तिचे आयुष्य बदलते. असा आधार म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन यांचे जीवन उपयुक्त ठरावे. एका अनोळखी मुलीच्या वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग त्यांनी खुला केला आणि त्या उपकाराचे फळ पाहण्यापूर्वीच त्या देवाघरी गेल्या.

अ‍ॅग्नेस यांचा जन्म ४ जुलै १८३७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात एका सधन प्रेस्बिटेरियन कुटुंबात झाला. वडील डंकन मॅक्लॅरेन हे पुढे त्या शहराचे नगरप्रमुख व नंतर ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. आई लहानपणीच वारली. सावत्र आई प्रिसिला या स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या सहवासात अ‍ॅग्नेसही स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत काम करू लागल्या.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या सहकारी विद्यार्थिनींना एडिंबरो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकण्यास प्रवेश मिळाला. परंतु अनेक प्राध्यापक व विद्यार्थी त्यांच्या विरोधात उभे राहिले आणि १८७३ साली न्यायालयाचा निकालही विद्यार्थिनींच्या विरुद्ध गेला. पदवीविनाच त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. या विद्यार्थिनींच्या पाठीराख्यांमध्ये अ‍ॅग्नेस होत्या. पुढे स्वतः डॉक्टर होण्याचे त्यांनी ठरविले तेव्हा मायदेशाची दारे बंदच होती. म्हणून त्या फ्रान्समधील माँपेलिये येथे गेल्या. तेथे फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. १८७८ साली, वयाच्या चाळिशीत, परक्या भाषेत शिकून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्याच वर्षी आयर्लंडमधील परीक्षा देऊन त्यांनी ब्रिटिश राज्यात व्यवसाय करण्याचा परवानाही मिळविला. पुढे दक्षिण फ्रान्समधील कान या शहरात त्यांनी रुग्णसेवा केली. माँपेलिये येथे धर्मभगिनींचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. तरीही कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार करण्यापूर्वी त्यांनी वीस वर्षे विचार केला. १८९८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांना कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकारण्यात आले.

या वयात बहुतेक माणसे कामातून निवृत्त होतात. अ‍ॅग्नेस यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचे कार्य मात्र यानंतर सुरू झाले. अविभाजित भारतातील रावळपिंडी येथे काम करणाऱ्या मिशनरींकडून त्यांना एक वेदनादायक वस्तुस्थिती समजली. तेथील पडदानशीन स्त्रियांना परपुरुषासमोर येता येत नसे. त्यामुळे पुरुष डॉक्टर उपलब्ध असूनही त्या व त्यांची बाळे उपचारांविना दगावत. त्यांना स्त्री डॉक्टरच हवी होती. अ‍ॅग्नेस यांनी लंडन येथे एक समिती स्थापन करून निधी उभारला. त्यातून रावळपिंडी येथे स्त्रिया व मुलांसाठी सेंट कॅथरिन रुग्णालय उभे राहिले. वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्या स्वतः समुद्रप्रवास करून भारतात आल्या.

इमारत झाली, खाटा आल्या, शुश्रूषेसाठी धर्मभगिनीही मिळाल्या. परंतु कायमस्वरूपी राहणारी डॉक्टर मिळेना. हे काम आयुष्यभरासाठी वाहून घेणाऱ्या धर्मभगिनींनीच करावे असे अ‍ॅग्नेस यांना वाटे. मात्र ख्रिस्तसभेच्या तत्कालीन नियमांनुसार व्रतस्थांना वैद्यकीय व्यवसाय, विशेषतः प्रसूतीचे काम, करण्यास मनाई होती. त्यांनी अनेक वेळा रोमला जाऊन आपली विनंती मांडली. त्यांच्या हयातीत ती मान्य झाली नाही. नवख्या कॅथलिक असूनही त्यांनी ख्रिस्तसभेविषयी मनात कटुता धरली नाही आणि विनंती करणेही थांबविले नाही.

याच काळात ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातील एका तरुणीला त्यांच्या कार्याविषयी समजले. तिचे नाव अ‍ॅना डेंगल. तिने अ‍ॅग्नेस यांना पत्र लिहून आपली तयारी कळविली. अ‍ॅग्नेस यांनी तिला केवळ शुभेच्छा पाठविल्या नाहीत. भारतात काम करायचे तर ब्रिटिश राज्यात मान्य असलेली पदवी हवी, हे स्वानुभवाने जाणून त्यांनी तिला आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेण्याचा मार्ग दाखविला. परंतु १७ एप्रिल १९१३ रोजी फ्रान्समधील आंतीब येथे अ‍ॅग्नेस यांचे निधन झाले. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

अ‍ॅनाने पाऊल मागे घेतले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अमलाखालील भूमीवर शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून राहत तिने अभ्यास पूर्ण केला. १९१९ साली ती डॉक्टर झाली आणि १९२० साली रावळपिंडीच्या सेंट कॅथरिन रुग्णालयात रुजू झाली. १९२५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे तिने आणखी एक डॉक्टर व दोन परिचारिका यांच्यासह मेडिकल मिशन सिस्टर्स या संस्थेची स्थापना केली. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने धर्मभगिनींना वैद्यकीय व प्रसूतीसेवेची परवानगी दिली. अ‍ॅग्नेस यांच्या निधनाला तेव्हा तेवीस वर्षे होत आली होती. पाटण्याचे कुर्जी होली फॅमिली रुग्णालय हे याच संस्थेने लावलेले रोप. मदर अ‍ॅना यांचे निधन १९८० साली झाले. तारीख होती १७ एप्रिल, अ‍ॅग्नेस यांच्या निधनाचीच.

आणखी एक धागा येथे जोडला पाहिजे. १९१५ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मेरी ग्लोरी या तरुण कॅथलिक डॉक्टरने अ‍ॅग्नेस यांच्या जीवनावरील एक पुस्तिका वाचली. त्या वाचनाने तिचा निर्णय झाला. १९२० साली ती आंध्रातील गुंटूर येथे आली आणि धर्मभगिनी होऊन अखेरपर्यंत भारतात राहिली. कॅथलिक रुग्णालयांची राष्ट्रीय संघटना १९४३ साली तिच्याच पुढाकाराने स्थापन झाली. भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय असावे, ही तिची तळमळ होती. १९५७ साली तिचे निधन झाले आणि १९६३ साली बंगळूर येथे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

बंधुभगिनींनो, अ‍ॅग्नेस यांच्या जीवनातून दात्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे, त्यांनी इमारतीवर समाधान मानले नाही. इमारतीवर दात्याच्या नावाची शिला बसते. विद्यार्थिनीच्या मदतीला अशी शिला नसते. तरीही डॉक्टरविना रुग्णालय रिकामे, हे त्यांनी ओळखले. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या वाटेवर त्यांना स्वतःला अडथळे आले, त्या वाटेची माहिती त्यांनी पुढच्या मुलीला दिली. आपल्या धर्मप्रांतात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते झालेले अनेक जण आहेत. प्रवेशपरीक्षा कोणती, अर्ज केव्हा भरायचा, शिष्यवृत्ती कोठे मिळते, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल? तिसरी गोष्ट सातत्याची. वैद्यकीय शिक्षण अनेक वर्षांचे असते. पहिल्या वर्षी सत्कार करून मदत दिली आणि नंतर विसर पडला, तर विद्यार्थी मध्येच अडकतो. थोडी का होईना, पण शिक्षण पूर्ण होईपर्यंतची मदत त्याला अधिक उपयोगी पडते.

गहू पेरणारा शेतकरी दाणा मातीआड करतो आणि विश्वासाने वाट पाहतो. अ‍ॅग्नेस यांनी कापणी पाहिली नाही. ती रावळपिंडीच्या मातांनी पाहिली, पाटण्याच्या रुग्णांनी पाहिली. यंदा आपल्या धर्मग्रामातील एखादे मूल फीच्या चिंतेत असेल, तर त्याची विचारपूस आपल्या धर्मगुरूंकडे अवश्य करावी.

संपादक