सांध्यावरची नजर

रेल्वेच्या खडखडाटातला बारीकसा फरक ऐकून रुळाला गेलेला तडा ओळखणारे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आख्यायिकेतून घरोघरी पोहोचले. मात्र या थोर अभियंत्याची पहिली कसोटी खानदेशात लागली, हे जळगाव-धुळ्याच्या नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते.

कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावचा हा मुलगा. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिकवण्या करीत बंगळूरला शिक्षण झाले. १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले आणि धुळ्याला आले. धुळे-जळगाव तेव्हा एकाच खानदेश जिल्ह्यात होते. पांझरेच्या पाटाच्या कामात दातर्ती येथे नळाचा सायफन बांधायचा होता. पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यात वाळू भरू लागली, तेव्हा त्यांनी काम पुढे ढकलण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांना ती अवज्ञा वाटली. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. पावसाशी झगडत काम तडीस नेले आणि वरिष्ठांचा रोषही निवळला.

अशा बांधकामात खरी काळजी असते ती सांध्याची. नळ आणि दगड, माती आणि काँक्रीट. ऊन, ओल आणि भार प्रत्येकाला निराळा मानवतो. म्हणून सांध्यावरचा तडा नुसता रुंदावत नाही, त्याची एक कड दुसरीवरून सरकतेही. रुंदी आणि सरकणे, दोन्ही वेगवेगळे मोजावे लागते. पूर्वी तड्यावर काचेची पट्टी घट्ट बसवीत. ती फुटली, की तडा अजून हलतो आहे हे कळे. आजची मापके मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवतात.

पुढे खडकवासला धरणावर त्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही गेले. पानशेतच्या पोटातल्या मोरीवरचा मातीचा भराव खचत गेला होता. घात झाला तो माती आणि बांधकाम यांच्या भेटीच्या जागीच. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते. १४ एप्रिल १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तसबिरीला हार जरूर घालावा. पण गावच्या जुन्या पुलाच्या, बंधाऱ्याच्या सांध्यावरूनही एकदा नजर फिरवावी.