मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग



इंग्रजीच्या तासाला नाउन, व्हर्ब, क्लॉज हे शब्द निघाले की अनेक मुलांचे चेहरे उतरतात. केवळ इंग्रजीत नापास झाल्यामुळे शाळा सोडलेली हुशार मुले मी पाहिली आहेत. म्हणून आज अशा एका शिक्षकाची ओळख करून देतो, ज्यांनी इंग्रजी व्याकरणाची भीती न बाळगता त्याचाच उपयोग मायबोलीसाठी केला.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. घराण्याचे मूळ गाव वसईजवळचे तर्खड. त्या काळी व्याकरणे लिहिली जात होती. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली निघाले, पण ते इंग्रजीत होते. मुंबईतच मुहंमद इब्राहिम मकबा यांनी १८२३ साली हिंदुस्तानी भाषेचे व्याकरण सिद्ध केले. मराठी मुलांना मराठीतून शिकवील असे पुस्तक मात्र हवे होते. १८३६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले.

लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण त्यांच्यासमोर होते. परंतु त्यांनी आंधळी नक्कल केली नाही. इंग्रजीतील आर्टिकल मराठीत नाही. इंग्रजीत 'इन' हा शब्द घराच्या आधी येतो, तर मराठीत 'घरामध्ये' म्हणताना 'मध्ये' हा शब्द मागून जोडला जातो; म्हणून तो शब्दयोगी. आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जाती याच वाटेने आल्या.

मित्रांनो, आपल्या जालना जिल्ह्यात कित्येक मुले घरी दखनी आणि बाजारात मराठी बोलतात, आणि शाळेत इंग्रजी शिकतात. हे ओझे नसून भांडवल आहे. उर्दूतील इस्म म्हणजे मराठीतील नाम आणि इंग्रजीतील नाउन. जमीर म्हणजे सर्वनाम, सिफत म्हणजे विशेषण, फेल म्हणजे क्रियापद. एका भाषेत जात ओळखता आली की दुसरीत फक्त नाव बदलते.

वाक्यांचेही तसेच. 'जो मेहनत करतो तो पास होतो' यात 'जो मेहनत करतो' हे गौण वाक्य आहे. मराठीत 'जो-तो' आणि उर्दूत 'जो-वह' अशी जोडी लागते. इंग्रजीत 'ही हू वर्क्स हार्ड पासेस' एवढेच पुरते. आपली मुले पुढे आणखी एक 'ही' घालतात आणि चुकतात. फरक समजला की चूक आपोआप सुटते.

दादोबा जावऱ्याच्या नबाबांचे शिक्षक होते, सुरतेच्या इंग्रजी शाळेत मुख्याध्यापक होते, पुढे मुंबईत शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख झाले. जातिभेद मोडण्यासाठी परमहंस सभा स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. मुलांसाठी त्यांनी लघु व्याकरणही लिहिले. १८८२ साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, आपणास इंग्रजी येत नसले तरी चालेल. रोज रात्री मुलाला एक वाक्य सांगा आणि विचारा, यात नाम कोणते, क्रियापद कोणते? हा अभ्यास घरच्या भाषेतच सुरू होतो. दादोबांनीही तेच केले होते.