कामाच्या गर्दींत प्रभूपाशीं : पंडिता रमाबाई

आपल्या गांवांतले कित्येक बंधु पहाटेच्या गाडीनें घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथें कामास जातात व दिवे लागल्यावर परततात. घरच्या भगिनींस पाणी, चूल व गुरें यांतून उसंत नसते. उपदेशकांचें दुःख तर आणखी निराळें. मंडळीच्या कामामुळेंच मंडळीच्या प्रभूपाशीं बसावयास त्यांस सवड होत नाहीं. ही तक्रार खोटी आहे असें कोणीं म्हणूं नये. परंतु जिच्या घरीं एके काळीं दोन हजारांच्या घरांत माणसें जेवत होतीं, त्या बाईनें ही अडचण कशी सोडविली, हें पाहण्याजोगें आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर सर्व कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडत असे आणि मातुश्री लक्ष्मीबाई मुलीस संस्कृत शिकवीत. पुढें मोठ्या दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण गेलीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. १८८२ त त्या विधवा झाल्या, तेव्हां मनोरमा तान्ही होती. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकावयाचा हेतु होता, पण कानांनीं नीट ऐकूं येत नसल्यामुळें तो सोडावा लागला. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. बाईंनींच पुढें आपल्या साक्षींत लिहून ठेविलें आहे कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला तो सुमारें आठ वर्षांनीं. ही आठ वर्षें रिकामी नव्हतीं. अमेरिकेंत व्याख्यानें देणें, वर्गणी जमविणें, ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडणें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेणें, असा कामाचा डोंगर होता, आणि सर्व काम चांगलेंच होतें. तरी अंतरीं उणीव राहिली. ती कबूल करावयास आमच्या मतें व्याख्यान देण्याहून अधिक धैर्य लागतें.

पुण्यास त्या सकाळीं आपल्या खोलींत प्रार्थना करीत. कोणा मुलीस बोलावीत नसत, पण दारही लावीत नसत. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या, आणि त्यावरून १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. सल्लागार मंडळींतले थोर गृहस्थ दूर झाले, पालकांनीं मुली काढून नेल्या. दार लावून घेतलें असतें तर संस्थेचें नुकसान टळतें. बाईंनीं तें लाविलें नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या. उपासमार म्हणजे काय हें त्यांस ऐकून ठाऊक नव्हतें, भोगून ठाऊक होतें. तेथून सुमारें तीनशें मुली त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेग, म्हणून त्यांस केडगांवच्या माळावर ठेविलें. तेथेंच मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी, शेत, दूधदुभतें, माग, छापखाना, शाळा, आजारी, आंधळ्या, फसलेल्या स्त्रिया, सर्वांचा भार एका बाईवर!

अशा गर्दींत १९०५ च्या जानेवारींत त्यांनीं काय केलें? आणखी एक खातें काढिलें नाहीं. रोज आपल्याबरोबर प्रार्थनेस कोण बसेल, असें मुलींस विचारिलें. सत्तरजणी पुढें आल्या. पुढें ही संख्या पांचशेंवर गेली. त्या जूनमध्यें मुक्तींत मोठी जागृति झाली.

याच सुमारास त्यांनीं मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचें भाषांतर हातीं घेतलें. चालू भाषांतर संस्कृत शब्दांनीं जड आहे, तें खेड्यांतल्या साध्या बाईस कळत नाहीं, असें त्यांस वाटे. आणि संस्कृताच्या पंडितेनें असें म्हणावें यांतच सर्व आलें. हें भाषांतर सर्व मंडळ्यांत रूढ झालें नाहीं, व त्याची मराठी कोठें कोठें अवघडही वाटते. पण जिला रोज पन्नास कामें हांक मारीत होतीं, तिनें वर्षानुवर्षें दिवसाचा कांहीं भाग एकेका वचनापुढें थांबून घालविला. हें तिचें कामही होतें व विसांवाही.

जुलै १९२१ त मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक कन्या, संस्थेचा उजवा हात. वृद्ध आईनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तींतल्या मुलींचे होते.